एक मिलिमीटर मोकळीक

जुनी मोटारगाडी हौसेने बाळगणाऱ्या माणसाच्या तोंडी एक तक्रार हमखास असते : ब्रेक फार खाली लागतो. पेडल दाबावे, ते बरेच आत जावे आणि मग कोठे गाडीने ऐकल्यासारखे करावे, हे कोणालाच रुचत नाही. पाऊल टेकताक्षणी गाडी थबकली पाहिजे, अशी मालकाची इच्छा असते. म्हणून तो मिस्त्रीला सांगतो, 'ब्रेक जरा वर घ्या.' ही मागणी पुरी करण्याचा एक अगदी सोपा मार्ग आहे. पेडल व मास्टर सिलिंडर यांना जोडणारा जो लोखंडी दांडा असतो, त्याचा लॉक नट सैल करावा, दांडा फिरवून थोडा लांब करावा आणि नट पुन्हा आवळावा. पाच-दहा मिनिटांचे काम. पेडल वर येते, मालक एक फेरी मारून येतो, समाधानाने मान डोलावतो आणि पैसे चुकते करून निघून जातो. आणि नेमक्या त्या क्षणी ती गाडी पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक झालेली असण्याचा संभव असतो.

हा विषय गॅरेजचा आहे, साहित्याच्या पानांवर त्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु ज्या प्रश्नावर घराघरांत, शाळांत आणि माणसाच्या स्वतःच्या अंतःकरणात रोज तंटा चालतो, त्या प्रश्नाचे इतके स्वच्छ चित्र आम्हांस दुसरीकडे कोठे दिसलेले नाही. प्रश्न असा : आवर घालणारी शक्ती किती घट्ट असावी? जी शक्ती तत्काळ आणि अखंड आवळून धरते तीच सर्वांत सुरक्षित, असे मानावे काय?

प्रथम यंत्राचे पाहू. जुन्या गाड्यांचाच विचार येथे करीत आहोत, कारण अलीकडच्या गाड्यांत या दांड्याशी मालकाचा किंवा गल्लीतल्या मिस्त्रीचा फारसा संबंध येत नाही. जुन्या गाड्यांत तो सर्रास येई. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी आणि उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर या गाड्यांवर आपल्याकडच्या दोन पिढ्या वाढल्या. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, तर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आता ज्या उरल्या आहेत त्या बहुधा हौशी मंडळींच्या पदरी आहेत. जगभर याच कुळातली सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे फोक्सवॅगनची 'बीटल'. जर्मनीत जन्मलेल्या या गाडीचे दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक नग तयार झाले आणि शेवटचा नग मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडला. तिच्या ब्रेकची रचना साधी असल्यामुळे उदाहरण म्हणून आम्ही तीच घेतो.

बीटलमध्ये पेडल दाबले की दांडा पुढे सरकतो आणि मास्टर सिलिंडरमधील पिस्टनला रेटतो. पिस्टनच्या पुढे रबरी कप असतो. कपाच्या पुढे द्रव असतो. त्याला सारे लोक ब्रेक ऑईल म्हणतात. हे ऑईल नळ्यांतून चारी चाकांकडे जाते आणि तेथील ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. इतके बहुतेकांना ठाऊक असते. जे ठाऊक नसते ते असे, की सिलिंडरच्या भिंतीत, विसावलेल्या कपाच्या अगदी पुढे, टाचणीच्या टोकाएवढे एक बारीक छिद्र असते. हे छिद्र वरच्या टाकीशी जोडलेले असते. पेडल दाबताच कप पुढे सरकून ते छिद्र झाकतो; मगच आतला द्रव कोंडला जातो आणि दाब निर्माण होतो. पेडल सोडले की स्प्रिंग पिस्टनला मागे आणते, छिद्र उघडते आणि ताप लागून फुगलेला जास्तीचा द्रव टाकीत परत जातो. गाडीची सारी थांबण्याची क्षमता त्या छिद्राच्या झाकण्यावर अवलंबून आहे आणि सारी चालण्याची क्षमता त्याच्या उघडण्यावर.

आता पिस्टन पुरता मागे यावयाचा असेल तर दांड्याने त्याच्या पाठीला टेकून राहता कामा नये. म्हणून विसाव्याच्या स्थितीत दांड्याचे टोक व पिस्टन यांच्यामध्ये सुमारे एक मिलिमीटर अंतर ठेवावे लागते. तरफेमुळे हेच अंतर पेडलच्या टोकाशी पाच ते सात मिलिमीटर होते. बोटाने पेडल हलकेच दाबले तर ते प्रथम इतके अंतर विनातक्रार जाते आणि मग कोठे त्याला काहीतरी लागते. मिस्त्री मंडळी त्याला 'फ्री प्ले' म्हणतात. आम्ही त्याला मोकळीक म्हणू. या अंतरात काहीच घडत नाही. गाडी थांबत नाही, दाब वाढत नाही. मालकाच्या पावलाला ते अंतर फुकट गेलेले वाटते आणि तेच तो काढून टाकावयास सांगतो.

ते काढून टाकले तर काय होते? दांडा पिस्टनला केसभर पुढे धरून ठेवतो. कप छिद्रावर बसून राहतो. पहिल्या फेरीत काहीच जाणवत नाही; उलट पेडल ताठ आणि हुकमी वाटते. पाच-सहा वेळा ब्रेक लावले की द्रव तापतो आणि फुगतो. त्याला परत जावयास वाट नसते. म्हणून तो शू बाहेर रेटतो. शू ड्रमला घासत राहतात, घासण्याने आणखी ताप निर्माण होतो, तापाने द्रव आणखी फुगतो. गाडी जड चालू लागते, पेडल दगडासारखे कठीण होते, चाकांतून जळका वास येतो. कधीकधी चाके जागीच जाम होतात. अशा वेळी जाणता मिस्त्री चाकामागचा हवा काढण्याचा निपल किंचित सैल करतो. कोंडलेला द्रव चिळकांडी मारून बाहेर पडतो आणि चाक मोकळे होते.

परंतु चाक जाम होणे हा त्यातल्या त्यात बरा शेवट आहे. दुसरा शेवट याहून वाईट. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीचे ताजे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी अपेक्षा असते. ओलावा मुरलेल्या त्याच ऑईलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. जुन्या गाडीत, आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत, वर्षानुवर्षे न बदललेले ऑईल असणे मुळीच दुर्मिळ नाही. बोरघाट उतरताना घासत राहिलेल्या ब्रेकने हे ऑईल उकळले, तर त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. चालक पाय देतो आणि पेडल तळाला टेकते. जे ब्रेक सारा वेळ नको तेथे धरून होते, ते हवे त्या वळणावर एकही चाक धरीत नाहीत.

हा कार्यकारणभाव आम्हांस विचार करावयास लावतो. अति आवरण्याचा शेवट अनावर होण्यात झाला. येथे कोणी शिथिलता दाखविली नव्हती. कोणी निष्काळजी नव्हते. उलट अधिक सुरक्षिततेच्या इच्छेतूनच हे झाले.

आता कोणी म्हणेल, मग ब्रेक खाली लागतो ही तक्रार खोटीच होती काय? नव्हे, ती पुष्कळदा खरी असते. परंतु तिचे मूळ बहुधा पेडलपाशी नसते. शूवरचे लायनिंग झिजले की शू आणि ड्रम यांतले अंतर वाढते, ते भरून काढण्यास अधिक द्रव लागतो आणि पेडल अधिक आत जाते. त्याचा खरा उपाय चाकापाशी आहे. गाडी जॅकवर उचलावी, जमिनीवर झोपून एकेका चाकाचा ॲडजस्टर फिरवावा, चाक हाताने फिरवून पाहावे, किंचित घासू लागले की थोडे मागे घ्यावे. असे चारी चाकांना. लायनिंग फारच गेले असेल तर ते बदलावे. नळ्यांत हवा शिरली असेल तर ती काढावी. हे सारे झाल्यावर मगच दांड्याकडे वळावे. यात अर्धा दिवस जातो, कपडे मळतात, आणि झिजलेले लायनिंग दाखवून मालकाला खर्च सांगण्याचा अप्रिय प्रसंग येतो. पेडलपाशी मात्र पाच मिनिटांत काम होते. दोष एका ठिकाणी आणि दुरुस्ती दुसऱ्याच, जेथे आपला हात सहज पोचतो तेथे. ही खोड केवळ गॅरेजची आहे, असे आम्हांस वाटत नाही.

आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. पेडलला हाताला लागते ती सारी मोकळीक खरी असेलच असे नाही. पेडल आणि दांडा ज्या पिनेने जोडलेले असतात ती पिन व तिचे भोक वर्षांनुवर्षांच्या वापराने झिजते. अशा गाडीचे पेडलही काही मिलिमीटर लळत लोंबत जाते. पट्टी लावून मापले तर माप अगदी पुस्तिकेतल्यासारखे भरते. पण ही मोकळीक पिनेच्या झिजेतून आलेली असते. दांडा आणि पिस्टन यांमध्ये तिळभरही जागा नसते. पहिली मोकळीक जाणकाराने हेतुपूर्वक राखलेली असते, दुसरी हयगयीतून आपोआप आलेली असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांतला भेद ज्याला कळत नाही, तो एक तर झिजेलाच स्वातंत्र्य समजून बसतो, नाही तर स्वातंत्र्यालाच झीज समजून ते आवळून टाकतो.

मोटारींच्या आरंभकाळात ब्रेक द्रवाने चालत नसत. दांडे आणि तारा यांनी ओढले जात. प्रत्येक चाकाची ओढ वेगळी, म्हणून ती सारखी करण्याचा खटाटोप सतत चाले. १९२१ साली ड्यूसेनबर्ग या अमेरिकन गाडीने चारी चाकांना द्रवचालित ब्रेक दिले. हेन्री फोर्ड यांनी मात्र आपल्या गाड्यांत ते १९३९च्या मॉडेलपर्यंत येऊ दिले नाहीत. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, या ज्या नियमावर हे ब्रेक चालतात तो नियम ब्लेझ पास्कल या फ्रेंच विचारवंताचा. दोन तोंडे असलेल्या एका भांड्याचे त्याने वर्णन केले आहे. एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असेल, तर लहान तोंडावर जोर देणारा एक मनुष्य मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांना तोलून धरील, असे त्याने दाखविले. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. वाहनांशी त्याचा संबंध एवढाच नव्हे. मरणापूर्वी काही महिने, १६६२ साली, पॅरिसमध्ये ठरावीक मार्गांवरून कोणालाही अल्प भाड्यात नेणाऱ्या घोडागाड्यांची सेवा सुरू झाली; तिच्या प्रवर्तकांत पास्कल होता.

आमच्या वाचकांना पास्कल अधिक परिचित आहे तो श्रद्धेचा चिंतक म्हणून. त्याच्या जन्माला चारशे वर्षे झाली त्या दिवशी, १९ जून २०२३ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्याच्यावर एक प्रेषितीय पत्रच लिहिले. परंतु ज्या प्रश्नाची आम्ही येथे चर्चा करीत आहोत त्या प्रश्नाच्या इतिहासातही हाच पास्कल उभा आहे, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १६५६-५७ साली त्याने टोपणनावाने अठरा पत्रे प्रसिद्ध केली. 'प्रोव्हिन्शियल लेटर्स' या नावाने ती जगाला माहीत आहेत. पापपुण्याचा निवाडा करताना काही धर्मशास्त्री इतकी सूट देतात, की शेवटी नियमाचा अर्थच उरत नाही, हा त्या पत्रांचा रोख होता. पास्कलला दिसलेली झीज खरी होती. पुढे १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी अशा शिथिल मतांपैकी पासष्ट विधाने धिक्कारली.

मात्र पास्कल ज्या कठोर पंथाच्या बाजूने उभा होता, त्याची वाटही ख्रिस्तसभेने मान्य केली नाही. १६९० साली पोप आठवे अलेक्झांडर यांनी त्या बाजूची एकतीस विधाने नाकारली. संशयाच्या प्रसंगी माणसाने नेहमी अधिक कडक मतच पाळावे, सौम्य मत कितीही संभाव्य असले तरी त्याला हात लावू नये, या अर्थाचे विधानही त्यांत होते. अवघ्या अकरा वर्षांच्या अंतराने दोन्ही टोके मोडीत निघाली. यामागे केवळ समतोल साधण्याचे राजकारण पाहणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. दोन्ही टोकांना माणूस शेवटी एकाच ठिकाणी पोचतो, हे अनुभवाला आलेले सत्य त्यामागे असावे. ज्याला सर्वच चालते त्याला आवर नसतो. आणि ज्याला काहीच चालत नाही तो एके दिवशी थकून सर्वच सोडून देतो.

संत आल्फोन्स लिगोरी यांचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. तरुणपणी ते नेपल्समध्ये वकील होते. धर्मगुरू झाल्यावर त्यांना शिकविले गेले ते कठोर मताचे नीतिशास्त्र. परंतु खेड्यापाड्यांतील गरीब माणसांच्या सान्निध्यात, त्यांची पापनिवेदने ऐकता ऐकता, हे मत माणसाला उभे करीत नाही, असे त्यांना दिसून आले. ज्याचे बंधन निश्चित नाही असा नियम माणसावर लादू नये, ही त्यांची दिशा ठरली. आणि हे सांगणारा माणूस स्वतः मनाने सैल नव्हता. अतिसंशयी विवेकाची यातना त्यांना आयुष्यभर छळीत राहिली. घासत राहणाऱ्या ब्रेकचा ताप त्यांना आतून ठाऊक होता. ख्रिस्तसभेने १८७१ साली त्यांना आचार्यपद दिले आणि १९५० साली पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून नेमले.

इतिहास येथे ठेवून आपण घरात येऊ. कारण हा प्रश्न आज सर्वांत तीव्रपणे भासतो तो जेवणाच्या टेबलाभोवती. एखादी मुलगी वसईहून चर्चगेटला कॉलेजात जाते. आईवडिलांना काळजी वाटते आणि ती रास्त असते. गर्दी आहे, अपघात आहेत, माणसे वाईट आहेत. पूर्वी काळजी करणे एवढेच हाती असे. आता हातात फोन आहे. ती कोठे आहे हे ठिपक्याच्या रूपाने पडद्यावर दिसते. ठिपका दादरला जास्त वेळ थांबला की फोन वाजतो. उत्तर मिळाले नाही की पुन्हा वाजतो. आवर घालणारा दांडा आता पिस्टनला चोवीस तास टेकलेला आहे, मध्ये मिलिमीटरचेही अंतर नाही. आईवडिलांच्या पावलाला हे पेडल ताठ आणि हुकमी वाटते. पहिल्या महिन्यात तर घरात शिस्त आल्यासारखीही दिसते.

पुढचे सांगावयास नको. मुलगी फोन मैत्रिणीच्या पिशवीत ठेवून जाऊ लागते. लहान गोष्टी लपविण्याचा सराव होतो, मग मोठ्या लपविणे अवघड राहत नाही. आणि जेव्हा खरोखरच धोक्याचे वळण येते, कोणी तिला फसवू पाहतो, परीक्षेतले अपयश तिला असह्य होते, तेव्हा जिच्याकडे धावत यावे ती आई तिला आठवत नाही. आईने आयुष्यभर घातलेला आवर त्या दिवशी तळाला टेकतो. आईने प्रेम कमी केले होते असे मुळीच नाही. प्रेमाचा ताप परत जाण्यास वाट नव्हती, इतकेच.

हेच चित्र उलटेही दिसते, आणि आमच्या समाजात ते वाढते आहे. मुले मोठी होतात, आईवडील म्हातारे होतात आणि आवरण्याचा अधिकार हळूहळू मुलांच्या पायाखाली येतो. बाबांनी एकट्याने बाजारात जाऊ नये, आईने विहिरीकडे फिरकू नये, दोघांनी संध्याकाळच्या प्रार्थनेलाही कोणी सोबत असल्याशिवाय जाऊ नये. प्रत्येक नियमामागे एखादा पडल्याझडल्याचा प्रसंग असतो, म्हणून प्रत्येक नियम खरा वाटतो. सारे नियम एकत्र केले की म्हाताऱ्या माणसाजवळ खाट आणि दूरदर्शन संच यांखेरीज काही उरत नाही. तो पडत नाही हे खरे. पण तो चालतही नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. यंत्राचे उदाहरण माणसाला लावणे कितपत योग्य? ब्रेक ड्रमला राग येत नाही, अपमान वाटत नाही. एक मिलिमीटर हे माप पुस्तिकेत छापलेले असते. मुलीला किती मोकळीक द्यावी याचे माप कोणत्या पुस्तिकेत आहे? शिवाय गाडीत पेडल आणि चाक दोन्ही एकाच चालकाची, तर घरात पेडल एकाचे आणि चाक दुसऱ्याचे. हा आक्षेप आम्हांस बव्हंशी मान्य आहे. माणसाचे माप नाही. ते वयाप्रमाणे, स्वभावाप्रमाणे, प्रसंगाप्रमाणे बदलते. चार वर्षांच्या मुलाचा हात रस्त्यावर क्षणभरही सोडू नये, येथे मोकळिकीची भाषा करणे मूर्खपणाचे होईल. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला एका घोटाची सूट देणे म्हणजे मोकळीक नव्हे, ती झिजलेली पिन आहे.

तरीही उदाहरणातून एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती माप नसतानाही उपयोगी पडते. ती म्हणजे परीक्षा. ब्रेक ठीक आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी मालक पेडल दाबून पाहतो. त्याला धरण्याची परीक्षा पुरेशी वाटते. चांगला मिस्त्री तेवढ्यावर थांबत नाही. तो गाडी काही मैल चालवून आणतो, वाटेत पुष्कळदा ब्रेक लावतो, सारे तापू देतो. मग गाडी जॅकवर उचलतो, पेडलवरून पाय काढतो आणि एकेक चाक हाताने फिरवून पाहतो. सोडल्यावर चाक मोकळे फिरते काय, हा त्याचा प्रश्न असतो. धरण्याची परीक्षा थंड गाडीवर, दारातल्या दारात घेता येते. सोडण्याची परीक्षा तापल्यानंतरच घ्यावी लागते.

आम्हांस वाटते, आपल्या सर्व आवरांची परीक्षा अशीच घ्यावी. आपण मुलावर रागावलो, ते योग्यच होते. प्रसंग संपल्यावर तो राग संपला काय? आपण एखाद्या नातलगाला चुकीबद्दल दूर ठेवले. त्याने चूक सुधारल्यावर दार उघडले काय? आपल्या सदसद्विवेकबुद्धीने आपल्याला एका दोषाबद्दल टोचले, आपण तो कबूल केला, त्याची भरपाई केली. त्यानंतर ती आपल्याला चालू देते, की वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी घासत राहते? ज्या क्षमेने केलेल्या कृत्याचे ओझे उतरत नाही ती क्षमा मनात कोठेतरी अडली आहे, असेच समजावे लागेल. अशा वेळी नियम अधिक आवळून उपयोग होत नाही. परत जाण्याचे छिद्र कशाने झाकले गेले आहे, ते शोधावे लागते.

आणि ज्याच्या हाती पाना आहे त्याची जबाबदारी येथे येते. गॅरेजमध्ये मालकाला हवे तसे ताठ पेडल करून देणे सोपे आहे. मालक खूश होतो आणि पैसे देतो. त्या कामाची किंमत मात्र तो मोजत नाही. ती मोजावी लागते घाटाखालच्या रस्त्यावरून शाळेत निघालेल्या, त्याला आणि मिस्त्रीला दोघांनाही अनोळखी असलेल्या एखाद्या मुलाला. म्हणून प्रामाणिक मिस्त्री मालकाच्या पावलाला काय बरे वाटते एवढे पाहून थांबत नाही. तो म्हणतो, 'आधी चाके बघू, मग पेडल. आणि थोडी प्ले राहील; ती राहू द्या.' मालक कुरकुरतो. दुसऱ्या गॅरेजला जाण्याची धमकीही देतो. शिक्षक, पालक, धर्मगुरू, घरचे वडीलधारे, ज्यांच्याज्यांच्या हाती दुसऱ्याचा आवर सोपविलेला आहे, त्या सर्वांवर असा प्रसंग कधी ना कधी येतो. कडक वागले तर लोक वाहवा करतात, सैल सोडले तर तरुण वाहवा करतात. झिजलेले लायनिंग दाखविणाऱ्याची आणि एक मिलिमीटर जागा हट्टाने राखणाऱ्याची वाहवा कोणीच करीत नाही, कारण त्याच्या कामातून दिसण्यासारखे काही घडत नाही. घाट उतरून गाडी खाली येते, चाके हाताला जेमतेम कोमट लागतात, आणि प्रवासी काही न घडल्याप्रमाणे आपापल्या घरी जातात.